चौथ्या मजल्याची स्थितिज ऊर्जा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. शिस्त.
लिफ्ट अजून बंद. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती हॉस्पिटलमधून परस्पर ताईकडे गेली, कारण ताईचं घर तळमजल्यावर आणि आमचं चौथ्या. आईला शब्द दिला आहे: येत्या रविवारी घरी आणतो. ताईने विचारलं, जिन्याने कसं आणणार? म्हटलं, डोकं वापरून. ती म्हणाली, हात वापर, डोकं राहू दे.

५ फेब्रुवारी, बुधवार
अकरावीला कॉन्झर्व्हेटिव्ह फोर्स सुरू केला. सुंदर धडा. वस्तू वर न्या. सरळ न्या, जिन्याने न्या, गावाला वळसा घालून न्या. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य तेवढंच. प्रश्न फक्त उंचीचा. शिवाय वाया काही जात नाही, सगळं स्थितिज ऊर्जा म्हणून साठून राहतं.
शिकवता शिकवता आईचा प्रश्न सुटला. खुर्चीत बसवायचं, दर मजल्यावर थांबायचं. थांबायला काही खर्च नाही.
शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, दप्तर वर नेलं आणि परत खाली आणलं तर गुरुत्वाकर्षणाचं एकूण कार्य शून्य ना? म्हटलं, शाब्बास. ती म्हणाली, मग पाय का दुखतात? म्हटलं, तो बायॉलॉजीचा प्रश्न आहे. वर्ग हसला. कौतुकानेच असावा.

८ फेब्रुवारी, शनिवार
रंगीत तालीम. हातांची लाकडी खुर्ची घेतली. आईइतकं वजन हवं होतं. बायको बसेना. म्हणाली, सासूबाईंच्या आधी मलाच वर पोचवताय का? शेवटी माझ्या फिजिक्सच्या गाइडचे गठ्ठे खाली नेऊन खुर्चीला बांधले. प्रती घरात भरपूर आहेत.
मागची बाजू वॉचमनने धरली. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची कठड्यात अडकली. वॉचमन म्हणाला, साहेब, एक मिनिट, गेट बघून येतो. आला नाही.
तरी निम्मी उंची गाठली. म्हणजे निम्मं झालंच.

९ फेब्रुवारी, रविवार
मनगट सुजलं. आईला फोन करून पुढचा रविवार सांगितला. बरं म्हणाली. कुरकुर नाही. समजूतदार बाई.
आज न्या की आठवड्याने, कार्य तेवढंच. घाई करणाऱ्याला फिजिक्स कळलेलं नसतं.
आईच्या खोलीत माझं टेबल हलवलं. तात्पुरतं. उजेड उत्तम. गाइडची दुसरी आवृत्ती आता मार्गी लागेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार
दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा माझ्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. गठ्ठे सोडून पायाखाली घेतलेले. म्हणाले, मास्तर, म्हाताऱ्यांची फार छान सोय केलीत. खुर्ची परत मागणार होतो. बसा बसा म्हणालो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
ताईच्या नवऱ्याचा फोन. दोन हमाल आणतो म्हणाले, दहा मिनिटांत वर ठेवतील, तुम्ही फक्त दार उघडा. नम्रपणे नको म्हटलं. आई म्हणजे काही कपाट नव्हे.
बायको म्हणाली, कपाट असतं तर एव्हाना आलं असतं.
मी टेबलाशी जाऊन बसलो. घर्षण हा कॉन्झर्व्हेटिव्ह फोर्स नाही. त्यात गेलेलं परत मिळत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
पाठ धरली. ताई म्हणाली, आणायचं राहू दे, नुसता भेटून तरी जा, आई रोज विचारते तुला. म्हटलं, एकदम न्यायलाच येतो. दोन खेपा कशाला?

२० फेब्रुवारी, गुरुवार
लिफ्ट सुरू झाली.
दुरुस्त झालेल्या यंत्रावर लगेच भरवसा ठेवू नये. आठवडाभर निरीक्षण करणार. तोवर आईला सांगायचं नाही. उगाच आशा लागते.
प्रस्तावनेची चार पानं झाली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
वर्गात सांगितलं: स्थितिज ऊर्जेचं शून्य कुठेही मानता येतं. जमिनीवर, टेबलावर, विहिरीच्या तळाशी. शेवटच्या बाकावरची म्हणाली, सर, मग चौथ्या मजल्यावरच शून्य मानलं तर चढायला नको. म्हटलं, चढावंच लागतं. शून्य हलवलं तरी दोन मजल्यांतला फरक तेवढाच राहतो.
वाक्य चांगलं होतं. दिवसभर नको असताना आठवत राहिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
बायकोने परस्पर ताईला सांगितलं, लिफ्टही सांगितली आणि टेबलही. ताईचा फोन आला. भांडली नाही. हे नवीन आहे. नुसतं, थांब, आईला देते म्हणाली.
आई म्हणाली, आठवडा झाला म्हणे लिफ्टला. म्हटलं, निरीक्षण चालू होतं. बरं म्हणाली. मग म्हणाली, टेबल नको हो काढूस, उजेड बरा असतो तिथे.
आईचं मन मोठं आहे.
पण मी टेबल काढलं. खरंच काढलं. बायकोने एका बाजूने धरलं. रविवारची टॅक्सी सांगितली.

२ मार्च, रविवार
टॅक्सी घेऊन दहाला पोचलो. आईनेच दार उघडलं. काठी नव्हती. ऑपरेशननंतर तिला चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.
बॅग भरली का विचारलं. म्हणाली, बस आधी. मग सांगितलं, मी इथेच राहते. ताईने खोली रिकामी करून दिली आहे. तिच्या नवऱ्याने न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवला आहे. त्याने दोनदा वर-खाली करून पाहिला तो, माझ्या उंचीला येईपर्यंत, म्हणाली.
मी म्हटलं, अगं, लिफ्ट एकदम चांगली चालते, आठवडाभर मी स्वतः पाहतोय.
म्हणाली, लिफ्टचं काही नाही रे.
मग कशाचं, हे विचारायचं होतं. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न देत होता. ताई आतून म्हणाली, त्याला सोडून दे, मीटर चालू असेल. सोडला.
चहा झाला. आईने माझं मनगट दाबून पाहिलं, उतरली का सूज म्हणाली. मी निघालो.
ती दारापर्यंत आली. म्हणाली, येत जा अधूनमधून. इथे चढायचं काही नाही.
म्हटलं, हो तर. सध्या जरा पेपर तपासायचे आहेत.