नऊ सेकंद

४ फेब्रुवारी

फाईल वकीलबाईंच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही. नुसती काळी चौकट. म्हणून ताई मेमरी कार्ड घेऊन माझ्या एडिटिंगच्या स्टुडिओत आली. कार्ड रुमालात, रुमाल पर्समध्ये, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

गोदामासमोरच्या सुताराने काढलेला व्हिडिओ. टेबल कसं बनवायचं ते लोकांना दाखवायला. सव्वीस मिनिटं तो रंधा मारतोय, ठोकतोय. त्याच्या खांद्यामागे, रस्त्यापलीकडे, गोदामाचं शटर दिसतं. गोदाम त्याच संध्याकाळी जळलं. शटर खाली येऊन अडकलं आणि दोन हमाल आत राहिले. शटर ओढणारे वॉचमन म्हणजे भाऊजी.

चौकशी समितीला एकच गोष्ट हवी आहे. सायरन आधी वाजला की शटर आधी पडलं? रोजच्यासारखं सहाला बंद केलं असेल तर भाऊजी सुटले. सायरन ऐकून ओढलं असेल तर त्यांनी दोन माणसं कोंडली. भाऊजी म्हणतात, आठवत नाही.

सुताराने व्हिडिओ कार्डावर घेतला आणि फोन रिकामा केला. म्हणजे ही एकच प्रत.

ताई म्हणाली, "लोकांच्या पोरांचे वाढदिवस नीट करत बसतोस ना वर्षभर? एक आमचं काम कर."

५ फेब्रुवारी

सॉफ्टवेअर तीनदा आपोआप बंद पडलं. कॅशे रिकामा केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चौथ्यांदा फाईल आत आली. ताई खुर्चीच्या पाठीला धरून मागे उभी होती. तिच्या बोटांचा दाब मला पाठीत जाणवत होता.

चोविसाव्या मिनिटाला शटर खाली आलं. जमिनीला टेकलं. दोन सेकंद काही नाही. मग सायरन.

"परत लाव."

परत लावला. शटर. दोन सेकंद. सायरन.

ताई जमिनीवरच बसली. मग उठून जिन्यात गेली आणि फोन सुरू झाले. सासूला, नणंदेला, वकीलबाईंना. प्रत्येकीला तेच वाक्य: "माझ्या भावाने मशीनवर पाहिलंय."

६ फेब्रुवारी

स्टुडिओतला पार्टनर मागून जाता जाता थांबला. "तुझा सुतार भुताटकी करतो की काय रे? हातोडा वर उचलल्यावर ठोक ऐकू येतो."

मी बघितलं. पहिल्या मिनिटाला हात आणि ठोक बरोबर. दहाव्या मिनिटाला ठोक मागे. विसाव्याला हात दुसराच खिळा उचलत असतो.

७ फेब्रुवारी

फोन दर सेकंदाला सारख्याच संख्येने चित्रं घेत नाही. तापला, दमला की कमी घेतो. सॉफ्टवेअर मात्र धरून चालतं की सेकंदाला तीसच आहेत. मग चित्र पुढे पळतं आणि आवाज मागे राहतो. सव्वीस मिनिटांत नऊ सेकंद मागे. फाईलच्या शेवटी चित्र संपलंय आणि नऊ सेकंद नुसता आवाज चालू आहे, हे टाइमलाइनवर उघड दिसत होतं.

फोनचा व्हिडिओ आला की सगळ्यात आधी हे तपासायचं, मग हात लावायचा. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवतो. परवा तपासलं नाही. ताई मागे उभी होती.

आज फाईलची दुरुस्त प्रत काढली. सेकंदाला तीस, शेवटपर्यंत. चाळीस मिनिटं लागली. हातोडा आणि ठोक एका जागी आले.

सायरन. मग सात सेकंद. मग शटर.

त्या सात सेकंदांत भाऊजी एकदा आत डोकावतात.

८ फेब्रुवारी

काही काम केलं नाही.

९ फेब्रुवारी

सांगायचं ठरवून ताईकडे गेलो. ती जेवायला वाढत होती आणि भाचीला म्हणत होती, "मामाला विचार, मामा सांगेल बाबांनी काही केलं नाही ते." भाचीने विचारलं. मी म्हटलं, "हो."

ताई महिन्याने नीट जेवली.

भाऊजी खिडकीपाशी. वजन उतरलंय, शर्टाची कॉलर मानेला कुठेच टेकत नाही. म्हणाले, "दिवसभर त्या पडद्याकडे बघतोस, डोळे सांभाळ."

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

त्यांनी ताईकडे बघितलं. "वकीलबाईंनी या विषयावर बोलायचं नाही म्हणून सांगितलंय," ताई म्हणाली. "आणि तू त्यांना छळू नकोस."

१० फेब्रुवारी

वकीलबाईंचा फोन. "शेवटची तीन मिनिटं द्या. शटर मोठं करून. सुतारकाम नकोय मला."

मोठं केलं. सुतार चौकटीबाहेर गेला. आधी खांदा, मग कोपर, मग हात. आता ठोके ऐकू येतात, ठोकणारा दिसत नाही. आवाज आणि चित्र ताडून बघायला काही उरलं नाही.

दोन फाईली शेजारी शेजारी होत्या. मोठी करायला मी पहिली, दुरुस्त न केलेली, घेतली. चुकून नाही.

११ फेब्रुवारी

फाईल बाहेर काढताना त्रेसष्ट टक्क्यांवर अडकते. तीनदा. प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. डिस्क भरली होती, एवढंच. वाढदिवसांचे जुने व्हिडिओ उडवले, जागा झाली. फाईल पूर्ण निघाली.

१२ फेब्रुवारी

दिली.

१९ फेब्रुवारी

समितीची खोली. लांब टेबल, पाण्याच्या तीन बाटल्या, पंख्याने उडू नयेत म्हणून कागदांवर स्टेपलर ठेवलेला. भिंतीवर व्हिडिओ दाखवला. दोन्ही हमालांच्या घरची माणसं मागच्या बाकांवर होती. शटर टेकलं तेव्हा त्यांतली एक बाई उठून बाहेर गेली. सायरन तिने ऐकला नाही.

अध्यक्षांनी मला विचारलं, "यात काही बदल केला आहे?"

"मोठं केलंय, साहेब. आवाज आणि चित्र कार्डावरून जसं आत आलं तसंच आहे."

यातला एक शब्दही खोटा नाही. मी एक फ्रेमसुद्धा हलवली नाही. बिघाड होता, तो राहू दिला.

२३ फेब्रुवारी

भाऊजी सुटले.

ताईचं घर भरलं होतं. जो तो माझ्या पाठीवर थाप मारत होता. नणंद म्हणाली, "भाऊ असावा तर असा, नाहीतर आमचा, बल्ब बदलायला चार दिवस लावतो." सगळे हसले. मीही हसलो.

मग वकीलबाईंनी निकाल समजावून सांगितला. शटर पडेपर्यंत सायरन वाजलाच नव्हता, म्हणजे तो उशिरा वाजला. आत असलेल्यांना इशारा मिळालाच नाही. सायरनचं बटण ज्याच्या ताब्यात होतं त्या इलेक्ट्रिशियनला कामावरून काढलंय, पोलिसांत तक्रार जाईल. तो म्हणतो की धूर दिसल्याबरोबर बटण दाबलं.

"आता म्हणणारच तो," ताई म्हणाली.

भाऊजींनी विचारलं, "कोणाला काढलं?"

वकीलबाईंनी परत सांगितलं. थोड्या वेळाने भाऊजींनी पुन्हा विचारलं, "इलेक्ट्रिशियनला?"

मला हे सुचलंच नव्हतं. सायरन जिथून सरकला तिथे कुणीतरी उभं असणार, एवढंसुद्धा.

२५ फेब्रुवारी

भाऊजी एकटेच स्टुडिओत आले. "दाखव."

मी समितीला दिलेली तीन मिनिटं लावली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दोनदा बघितलं. पडद्यावर स्वतःच्या पाठीवर बोट ठेवलं, मग काढलं.

"माझ्या डोक्यात वेगळं आहे."

"घाबरल्यावर माणसाला उलटसुलट आठवतं, भाऊजी."

"वकीलबाईही तेच म्हणाल्या." बराच वेळ ते टेबलाची कड नखाने खरवडत राहिले. "मी आत बघितलं होतं रे. धूर होता. कुणी दिसलं नाही. आग बाहेर येऊ नये म्हणून ओढलं."

त्याच वेळी दुसरी फाईल उघडून दाखवायला हवी होती. दोन क्लिकचं काम. मी म्हटलं, "चहा सांगू?"

नको म्हणाले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "आवाज इकडेतिकडे होऊ शकतो का यात?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नंतर मान हलवली, पोराने शाळेतलं काही खोटं सांगावं आणि बापाने ते सोडून द्यावं, तशी.

२७ फेब्रुवारी

ताईचा फोन. भाऊजी सकाळी समितीकडे जाऊन लेखी देऊन आले: सायरन वाजला होता, मी ऐकला, मग शटर ओढलं. आणि शेवटी, कुणी न विचारता, आणखी एक ओळ: व्हिडिओ माझ्या मेहुण्याने मिळाला तसाच दिला आहे, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.