कोऱ्या चिठ्ठीवरची सही

प्रिय दादा,

काल तुझा चेला पराग घरी येऊन गेला आणि तो गेल्यावर मी दोनदा साबणाने हात धुतले. त्याने आणलेल्या जलेबीच्या पुड्याला नुसता हात लावला होता, खाल्लं काहीच नाही. खोव्याची जलेबी, तुला आवडायची तीच. त्याने ती तुझ्या फोटोपुढे ठेवली, वाकून नमस्कार केला, डोळेही पुसले. डोळे कोरडे होते, तरी पुसले. मला इतकी शिसारी आली की तुला लिहिल्याशिवाय ती जाणार नाही. तू जाऊन नऊ महिने झाले. इतके दिवस लिहावंसं वाटलं नाही, कारण तुझ्याशी भांडण नव्हतं. आता आहे.

तुझ्या त्या कॅसेटींवरूनच आहे. निवृत्त झालास त्या वर्षी भाड्याने व्हिडिओ गेम देणारं एक दुकान बंद पडलं आणि तू पोतंभर जुन्या कॅसेटी उचलून आणल्यास. वहिनी म्हणाल्या, "आता ह्या वयात गेम खेळून राहिले का तुम्ही?" तुला खेळता कुठे येत होतं? तुझा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडून मरायचा. तू पोत्यातून एक कॅसेट काढलीस, जिच्यावरचं लेबल तिरकं चिकटलेलं होतं, आणि फॅक्टरीत माल तपासायचास तशी खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून पाहिलीस.

"शैले, हे पाह. कारखान्यातून ही अशीच सुटली. तिथला तपासनीस झोपून राहिला होता."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून पगार घेतला आणि घरी बसल्यावर छंद लागला तोही चुकांचाच. मला हसू यायचं. तेव्हा यायचं.

पुढे कळलं की अशा कॅसेटींमागे लोक वेडे झालेत. लेबल तिरकं, लेबल उलटं, गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवर रणगाड्याचं चित्र. जितकी मोठी चूक तितका चढा भाव. तुमच्या फॅक्टरीत ज्या चुकीपायी माल भंगारात जायचा, तिची इथे आरती चाललेली. आणि चुकीला भाव आला की चुका घरी बसून बनवणारे निघणारच. मग खरी चूक कोणती आणि केलेली कोणती हे सांगणारा माणूस लागतो. तो तू झालास. नागपूर, इंदूर, पुणे, कुठून कुठून कुरिअर यायचे. एक पैसा घ्यायचा नाहीस. कॅसेट पाहायचास, अर्ध्या पानाच्या चिठ्ठीवर 'अस्सल' किंवा 'नाही' लिहायचास, खाली सही, तारीख, आणि परत पाठवायचास. व्हॉट्सअॅपवरच्या त्या कॅसेटवाल्यांच्या ग्रुपात तुझ्या चिठ्ठीला कोर्टाच्या निकालाचा मान होता.

मलाही शिकवलंस. मी रेल्वेच्या ऑफिसातून दमून यायचे आणि तू माझ्या हातात भिंग द्यायचास. "लेबल काय म्हणते ते सोड. त्याच्या बाजूचं प्लॅस्टिक पाह." हे राखाडी प्लॅस्टिक वर्षानुवर्षं उजेड खाऊन पिवळं पडतं. लेबलाखाली झाकलेलं मात्र तसंच राहतं. लेबल कारखान्यातच तिरकं बसलं असेल तर उघडा राहिलेला कोपरा बाकीच्या डबीसारखाच पिवळा असतो. कोणी अलीकडे सरळ लेबल उपटून तिरकं लावलं असेल तर तिथे गोरी पट्टी दिसते. अंगठी काढल्यावर बोटावर दिसते ना, तशी. इतकी साधी गोष्ट. मला ती फार आवडली होती.

मागच्या महिन्यात इंदूरच्या एका गृहस्थांचं पार्सल आलं. आत कॅसेट, तुझी चिठ्ठी आणि त्यांच्या दोन ओळी: काकांनी अस्सल म्हटलं आहे, पण मला कोपऱ्याचा रंग वेगळा वाटतो, घरातलं कोणी पाहू शकेल का. मी तुझं भिंग काढलं. त्याची गरजच नव्हती. कोपऱ्यात ती गोरी पट्टी होती आणि तिच्यावर तपकिरी ओघळ. कॅसेट नाकाशी नेली तर शिळ्या चहाचा वास आला. पट्टी झाकायला कोणी तरी चहाचं पाणी चोपडलं होतं, दादा. एखाद्या घरात तीस वर्षं नीट राहिलेली, सरळ लेबलाची, बिनचुकीची कॅसेट. तिचं लेबल गरम हवेने सोलायचं, वाकडं डकवायचं आणि वर चहा फासायचा.

चिठ्ठीवरची सही मात्र तुझीच होती. निळ्या शाईची, शेवटच्या अक्षराला ती लांब रेघ. 'अस्सल' हा शब्द काळ्या जेल पेनाने लिहिलेला होता, आणि तारीखही. तारीख पाहिली आणि कॅलेंडर काढलं. तो रविवार होता. त्या रविवारी तू आयसीयूत होतास आणि माझा हातसुद्धा ओळखत नव्हतास.

मला सगळं कळायला तेवढं पुरलं. कारण त्या सह्या करताना खाली पुठ्ठा मीच धरला होता.

कंपवाताने तुझा हात ताब्यात राहिला नव्हता. सकाळची गोळी घेतल्यावर तासभर काय तो स्थिर असायचा. आणि कुरिअरवाला यायचा दुपारी. थरथरती सही जगाने पाहिलेली तुला चालणार नव्हती. मग तू सकाळच्या त्या तासात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसायला लागलास. आधी सह्या करून ठेवायच्या, दुपारी कॅसेट आली की वर शब्द लिहायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, मी लिहीत जाऊ का? खाली माझी सही करते." तू म्हणालास, "तुझ्या सहीला कोण विचारते?" खरंच होतं ते. पण काहून रे इतका तोरा? अक्षर हललेलं चाललं असतं. लोकांनी समजून घेतलं असतं. मीही पुढे बोलले नाही, पुठ्ठा धरून बसले. त्याची लाज मला आज वाटते आहे, ती तुझ्यापेक्षा जास्त माझी आहे.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून सगळे घरी आले होते. पराग सकाळपासून खुर्च्या मांडत होता, पाणी वाटत होता. इथे जबलपुरातच, घमापुरात त्याचं मोबाइलचं दुकान आहे, तुझ्याकडे चार वर्षं येऊन बसायचा, तू त्याला सगळं शिकवलंस. म्हणाला, "दीदी, दादांचे कागज मी सांभाळून ठेवतो. सब इधर-उधर हो जाएगा." मी आतून खोका आणून त्याच्या हातात दिला. वरती तुझ्या वह्या होत्या, खाली तो गठ्ठा. मला गठ्ठा आठवलासुद्धा नाही. त्याला मात्र माहीत होता.

काल त्याला मी इंदूरची कॅसेट दाखवली. वाटलं, चेहरा पडेल. पडला नाही. जलेबीचा पुडा माझ्याकडे सरकवत म्हणाला, "दीदी, कोणाचं नुकसान होऊन राहिलं सांगा? घेणारा खूश, विकणारा खूश. दादांचं नाव जिंदा आहे, ते काय कमी आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या चहाच्या पाण्यात जिंदा आहे का? मी ग्रुपवर सांगणार आहे."

तो हसला. दादा, तसं हसणं मी आजवर पाहिलं नव्हतं, त्यात रागसुद्धा नव्हता. म्हणाला, "सांगा ना. पण काय सांगाल? साइन तर असली आहे. कोरी चिठ्ठी पे साइन मैंने तो नहीं किया, दादाने किया. तुम्ही बोलाल तर त्यांच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरही कोणी भरोसा करणार नाही. उनकी ही बदनामी होगी, दीदी."

मग फोटोला पुन्हा नमस्कार करून गेला. जलेबी मी कचऱ्याच्या गाडीत टाकली. सगळ्यात किळस कशाची आली सांगू? तो खरं बोलत होता ह्याची. बोलले तर तू खोटा ठरतोस, गप्प बसले तर तुझ्या नावाने खोटं विकलं जातं. तुझ्या नावाची मानगूट तूच त्याच्या हातात दिलीस.

वहिनींना सांगितलं. त्या संध्याकाळची वंदना आटोपून उठत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शैलाताई, जाऊ द्या ना. माणूस गेला. आता लोकांनी त्यांना खोटारडा म्हणावं असं वाटते का तुम्हाला? तुमचे ते भाऊ होते. माझं काय राहिलं आता? नावच राहिलं ना." आत्ताच 'खोटं बोलणार नाही' हे चौथं शील म्हणून उठलात ना, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. त्या रडत होत्या.

मग मला शालिकभाऊ आठवले. तुझ्याच सेक्शनचे, आपल्याच वस्तीतले, तुझे जिवलग. तपासणीच्या कोऱ्या पट्ट्यांवर सकाळीच सह्या करून ठेवायचे आणि दिवसभर मजूर त्या मालाला बांधत सुटायचे. तू त्यांना दोनदा समजावलंस, तिसऱ्यांदा साहेबाकडे लेखी दिलंस. त्यांची वेतनवाढ गेली. वर्षभर विहारात तुझ्याशेजारी कोणी बसायला तयार नव्हतं. आईने विचारलं, "मित्राचंच काहून सांगितलं रे?" तू जेवता जेवता म्हणालास, "दुसऱ्याचं असतं तर सोपं गेलं असतं."

हा तोच तू. आणि म्हातारपणी तूही तेच केलंस, शालिकभाऊंचंच. तुला ते एकदाही आठवलं नाही का? की आठवत होतं, आणि म्हणूनच मला गठ्ठा कपाटात मागे ठेवायला सांगायचास? मला ह्याचं उत्तर आता कधी मिळणार नाही आणि त्याचा फार राग येतो.

आज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी ग्रुपवर लिहिलं. काही लपवलं नाही. माझ्या भावाने शेवटच्या वर्षात कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवल्या, खाली पुठ्ठा मी धरला, त्याच्यानंतर तो गठ्ठा मी परागला दिला. त्या वर्षातल्या कोणत्याही चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. कॅसेट माझ्याकडे पाठवा, मी त्याच्याच रीतीने पुन्हा पाहून देईन. परागने पाच मिनिटांत ग्रुप सोडला. मग बाकीचे सुरू झाले. कोणी लिहिलं, म्हातारा पहिल्यापासून मिळालेला असणार. कोणी लिहिलं, आता बहिणीने दुकान मांडलं. हीच माणसं तुला गुरुजी म्हणायची. एकानेही विचारलं नाही की त्याचा हात किती थरथरत होता. मी फोन पर्समध्ये टाकला आणि डबा घेऊन निघाले. वहिनी दारापर्यंत आल्या नाहीत.

जबलपुरातल्याच दोघांनी मात्र दुपारीच ऑफिसच्या गेटवर कॅसेटी आणून दिल्या. एक परागचीच करणी, चहासकट. दुसरी आणणारे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना काही शंका नव्हती, उलट हसत होते. "काकांनी माझ्यासमोर लिहून दिली होती. तुम्ही नुसती नजर टाका." चिठ्ठीवरचा शब्दही निळ्या शाईतला, वेडावाकडा. तुझाच, दुपारच्या हाताचा. परागचा त्यात काही संबंध नाही.

घरी येऊन खिडकीपाशी बसले आणि पाहिली. लेबल तिरकं. उघड्या कोपऱ्यात गोरी पट्टी, स्वच्छ, भिंगाशिवाय दिसणारी. आणि तू 'अस्सल' लिहिलं आहेस.

डोळे गेले होते का रे तुझे? सांगितलं का नाहीस? की ते मास्तर समोर बसून इतके आनंदात होते की तुझ्याने 'नाही' लिहवलं नाही? एक वाट सोपी होती. हीसुद्धा परागचीच म्हणून सांगायची. त्याच्याबद्दल आता कोणीही काहीही खरं मानेल, आणि मास्तरांखेरीज कोणाला कळणार होतं? असं मनात आलं आणि मला स्वतःचीच किळस आली. काल त्याच्या हसण्याची आली होती, तशीच.

मी चिठ्ठीवर तुझ्या सहीच्या खाली 'नाही' लिहिलं. खाली माझी सही केली. तिला कोणी विचारत नाही, तरी केली.

दादा, तुला वचन देते. येईल ती प्रत्येक कॅसेट मी उजेडात धरून पाहीन. जी अस्सल असेल तिला अस्सल म्हणेन, मग सगळा ग्रुप काहीही बोलो. परागने केलेलं ते परागचं म्हणून लिहीन. आणि जिथे तू चुकलास तिथे तू चुकलास असंच लिहीन. तुझी एकही चूक त्याच्या माथी मारणार नाही.

तुझ्यावर चिडलेली, आणि तुझीच,
शैला