सुरतेत भरलेली घागर

नाना, आज कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आणि पितरांची तुमची घागर मी सुरतेत भरली. हे ऐकून तुम्ही आधी चष्मा काढाल, धोतराच्या सोग्याला पुसाल आणि मग म्हणाल की या पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. ज्या शहरात पुन्हा पाय ठेवणार नाही असं तुम्ही चारचौघांत सांगितलं होतं, त्याच शहरात तुम्हाला जेवायला बोलवायचं म्हणजे जरा अतीच झालं, कळतं मला. पण इलाज नव्हता. इतकी वर्षं पारोळ्याला चुलतभाऊ तुमची आणि आईची घागर भरायचा. यंदा तोही मुलाकडे पुण्याला निघून गेला, घराला कुलूप आहे. तुम्हा दोघांना उपाशी ठेवायचं की सुरतेला बोलवायचं, एवढाच प्रश्न होता. मुलीनं घागर भरावी की नाही हे मी कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कोणीतरी नको म्हणालंच असतं.

लाल मातीची घागर शोधायला दोन बाजार फिरले. वर ठेवायला डांगर आणलं, पुण्याकडचं खरबूज, त्याला इथे टेटी म्हणतात. दोन आंबे, सांजोऱ्या, सगळं रीतसर केलं. गॅलरीत गोवरी पेटवून तुमच्या नावानं घासाची आगारी टाकली, तर वरच्या मजल्यावरच्या बाई धुरामुळे वाकून बघायला लागल्या. त्यांना मी हात जोडले, त्यांनीही जोडले, पण खिडकी लावून घेतली. राहिला पितर. आपल्याकडे पितराच्या नावानं एक माणूस पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात, तसा माणूस मला हवा होता. मी कोणाला बसवलं ते सांगते, पण त्याआधी बाकीचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही अर्ध्यातच उठून जाल. उठून जायची तुम्हाला सवय आहे.

तुम्ही पारोळ्याच्या बाजारात तोलार. शेतकरी म्हणायचा वजन कमी धरलं, व्यापारी म्हणायचा जास्त धरलं, आणि तुम्ही दोघांकडेही सारख्याच संशयानं बघायचात. घरी कोनाड्यात तुमचा स्वतःचा छोटा पितळी तराजू असायचा, फडक्यात गुंडाळलेला. मी चौथीत असेन. तुम्ही मला चुलीजवळ बसवून शेंगा तोलायला शिकवता आहात, आई भाकरी थापता थापता हसते आहे की पोरीला काय बाजारात बसवायचंय. एका पारड्यात शेंगा, दुसऱ्यात वजनं, दांडी सरळ. मला वाटलं झालं. तुम्ही म्हणालात, आता पालट. शेंगा उजवीकडे घे, वजनं डावीकडे ठेव. पालटल्यावरही दांडी सरळ राहिली तर तराजू खरा. एका बाजूनं तोललेलं काही खरं धरायचं नाही, हे तुम्ही मला त्या दिवशी शिकवलंत, आणि पुढे आयुष्यभर माणसं मात्र एकाच बाजूनं तोललीत. हे तोंडावर बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही.

सुरतेचं स्थळ आलं तेव्हा मुलगा मूळचा अमळनेरचा म्हणून तुम्ही होकार दिलात. पाठवणीच्या वेळी आई रडत होती आणि तुम्ही मला बाजूला घेऊन शहराचे नियम सांगत होतात. कोणी मागून हाक मारली तर लगेच वळायचं नाही. कोणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही. कोणी फार गोड बोललं तर दार लावून घ्यायचं. आणि गाव विचारलं तर पारोळा सांगायचं नाही, धुळं सांगायचं. म्हणजे चोर निघालेच तर धुळ्याला जातील. तेव्हा हसू आलं नाही, आता लिहिताना येतं.

मी ते सगळे नियम पाळले, नाना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण भाजीची गाडी लावायचा, तिशीचा, दाढी वाढलेला. माझ्या बोलण्यावरून त्यानं ओळखलं की मी खान्देशची. गाव विचारलं, मी धुळं सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. तो साक्रीकडचा, म्हणजे धुळ्याचाच. धुळ्यात कोणत्या गल्लीत, माहेर कोणाचं, असं विचारायला लागला. मी मिरच्या पिशवीत टाकल्या आणि पळ काढला. खोटं मी बोलले होते आणि संशय मला त्याचा आला. एवढ्या चौकशा कशाला हव्यात याला? पुढची दोन वर्षं त्याच्याकडूनच भाजी घेतली, पण त्याच्या हाताकडे नजर ठेवून. त्यानं कोथिंबिरीची काडी जास्त टाकली तरी मला वाटायचं, यामागे काहीतरी आहे.

मग एका हिवाळ्यात तुम्ही आलात. भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ बांधलेलं गाठोडं छातीशी धरून तुम्ही स्टेशनातून बाहेर पडता आहात, हमालानं हात पुढे केला तर त्याच्याकडे असं बघता आहात की तो दोन पावलं मागे सरला. घरी आल्यावर तुम्ही आधी दाराची कडी बघितली, मग खिडकीचे गज हलवून बघितले, मग पाणी मागितलंत. मला मात्र फार आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी भरीत करायचं, तुम्हाला माझ्या घरात माझ्या हातचं वाढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही एकदा म्हणावं की पोर बऱ्या जागी पडली, म्हणजे मी जिंकले, असं वाटत होतं.

सकाळी कांद्याची पात आणि मिरच्या घ्यायला मी निघाले, तुम्ही मागे आलात. त्या भाजीवाल्यानं मिरच्या तोलायला घेतल्या आणि तुम्हाला दिसलं की त्याच्या एका पारड्याखाली तारेनं लोखंडी नट बांधला आहे. तुम्ही सरळ दांडीच धरलीत. हे काय आहे म्हणून ओरडलात, आणि मग गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालात, "हाऊ चोर शे. बठ्ठा शहर चोर शे." सगळं शहर चोर म्हटल्यावर आसपासच्या बायका थांबल्या. समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला. मी तुमची बंडी ओढत होते. तो भडकला असता तर बरं झालं असतं, पण तो भडकला नाही.

"मी बी खान्देशनाच शे, भाऊ," तो म्हणाला. "पारडं पालटीसन देखा."

तुम्ही हात लावला नाहीत. मग त्यानंच मिरच्या उचलून पलीकडच्या पारड्यात टाकल्या आणि वजनं अलीकडे ठेवली. दांडी सरळ राहिली. नट म्हणजे नुसता पासंग होता. एक पारडं फाटलेला काठ कापून, ठोकून सरळ केलेलं होतं, हलकं झालं होतं, म्हणून बांधलेला. पासंग काय असतो हे तुम्हाला सांगायला हवं होतं का? जन्म गेला तुमचा तोलण्यात. खेड्यातल्या बाजारात दिसला असता तर तुम्ही आधी पालटून बघितलं असतं. सुरतेत दिसला म्हणून बघितलं नाही. तुम्ही दांडी सोडलीत, घरी आलात, आणि दुपारच्या गाडीनं परत गेलात. मी किती विनवण्या केल्या. वांगी टोपलीत तशीच राहिली. दोन दिवसांनी भाजली.

पारोळ्याला जाऊन तुम्ही काय सांगितलंत ते मला पुढच्या आखाजीला कळलं. झोका बांधलेल्या निंबाखाली बायका मला विचारत होत्या, तुझ्या नानांनी म्हणे सुरतेत एका चोराला तराजूसकट पकडला? तुम्ही ओट्यावर बसला होतात, ऐकत होतात, माझ्याकडे बघत नव्हतात. मी म्हटलं, हो ना, तिकडे फार जपून राहावं लागतं. त्या वर्षी म्हटलं, त्याच्या पुढच्या वर्षीही म्हटलं. सुरत बघण्यासारखी आहे का असं कोणी विचारलं तर म्हणायचे, कापड स्वस्त आहे, माणसांचं सांगता येत नाही. तुमचा मान राहावा म्हणून मी त्या माणसाचा घालवला, आणि परत येऊन त्याच्याच गाडीवरून भाजी घेत राहिले.

मग ते प्लेगचं वर्ष आलं. सुरतेतून माणसं मिळेल त्या गाडीनं पळत होती. निघताना घराची किल्ली द्यायला गल्लीत दुसरं कोणी उरलंच नव्हतं, तो मात्र गाडी लावून उभा होता. म्हणाला, मी कुठे जाऊ, गावाला काही नाही माझं. त्याच्याकडे किल्ली दिली. हे अमळनेरला उतरले, मी एसटीनं पारोळ्याला. मी सुरतेहून आले हे कळल्यावर एसटीत शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. आपल्या गल्लीत दारं लागली. लहानपणापासून ज्यांच्या घरात मी जेवले, त्यांची दारं. आणि तुम्ही ओट्यावर आडवा हात धरून उभे होतात. "आठेच थांब, माय," म्हणालात. कॅप्सूलचा डोस संपेपर्यंत मी तिथेच ओट्यावर राहिले. तुम्ही ताट दूर ठेवून मागे सरकायचात. तुमचं चुकलं असं म्हणत नाही; घरात आई आजारी होती. पण नाना, त्या ओट्यावर बसून मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही दांडी धरलीत तेव्हा त्या माणसाला काय वाटलं असेल.

चौथ्या दिवशी तुम्ही लांबूनच विचारलंत, किल्ली कोणाकडे दिली. मी सांगितलं. रोज तुळशीला पाणी घालीन म्हणालाय, असंही सांगितलं. तुम्ही बराच वेळ तंबाखू मळत राहिलात आणि मग न खाताच टाकून दिलीत. मी निघायच्या दिवशी तुम्ही कोनाड्यातून ते फडकं काढून माझ्यासमोर ठेवलंत, आणि या वेळी मागे सरकला नाहीत.

"त्याना काटा खरा व्हता," तुम्ही म्हणालात. "हाऊ तराजू त्याले दी दे."

परत आले तेव्हा घर झाडलेलं होतं, तुळस हिरवीगार. त्यानं किल्ली दिली आणि तुमची तब्येत विचारली. तराजू माझ्या पिशवीत होता. मी काढला नाही. ओट्याचा राग होता, हे एक. आणि मला वाटलं, आठ दिवसांनी देऊ, दिवाळीनंतर देऊ. माघात तुम्ही गेलात. मग त्या घरातली तुमची म्हणावी अशी माझ्याकडे ती एकच वस्तू उरली.

आता सांगते. आज पाटावर मी त्यालाच बसवलं. पूर्वी भाऊ म्हणायचे, आता आबा म्हणते. सत्तरी आली त्यांची. गाडी मुलगा चालवतो, काटा विजेचा आहे, आबा नुसते स्टुलावर बसून असतात. मी विचारलं तेव्हा दचकले. शहरात कोणी पितर म्हणून बोलवेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. धुतलेला सदरा घालून आले, पाय धुतले, घागरीला नमस्कार केला. सांजोरी, आमरस, कढी, भजी, सगळं चवीनं जेवले. तुमचा घास त्यांच्या तोंडी जात होता आणि मी बघत होते, तुम्ही ताटावरून उठता का. नाही उठलात. दुसरी वाटी आमरस मागून घेतलात.

हात धुताना त्यांनी विचारलं, "तुना नानानी मनी याद काढी व्हती का कधी, माय?"

मी म्हटलं, नाही हो आबा, त्यांना शहरच मानवलं नव्हतं. ते हसले, म्हणाले, चालायचंच. काठी घेऊन जिना उतरले. तराजू तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या माळ्यावर होता.

आणखी एक आहे. घागरीवरचं डांगर आबांनी स्वतः निवडून दिलं होतं, वास घेऊन, टिचकी मारून. मुलानं ते तोलून दिलं. मी सकाळी घरी आणलं, दार लावलं, माळ्यावरून तुमचा तराजू काढला आणि ते पुन्हा तोललं. मग पालटून तोललं. दोन्ही वेळा मुलानं सांगितल्यापेक्षा एका लिंबाएवढं जास्तच भरलं. पस्तीस वर्षं त्या माणसाच्या हातचं खाऊनही मी तोलून बघितलं, नाना, आणि तेही त्याच्याच तराजूवर.

तराजू उद्या आबांना नेऊन देते, असं इथे लिहायला घेतलं होतं. पण खरं भरतं का म्हणून तुम्ही ते वाक्यही पालटून बघाल, म्हणून लिहीत नाही.