तुझ्या कुंडीतली शेवंती

धाकटे,

दूध तापवून झाकून ठेवलंय. मी गुडघा दाखवायला दवाखान्यात जातेय, बारापर्यंत येईन.

आज पहाटे तुझ्या कुंडीतलं शेवंतीचं फूल मी न विचारता तोडलं. या थंडीत माझ्या जास्वंदीला कळी धरत नाही, आणि देवाला रोज घरचंच फूल वाहायचा माझा नेम. पण ते वाहायला हातच उचलेना. वाटीत पाण्यात ठेवलंय, तुझं तू घे. आज नेम मोडला.

तुझ्या कुंड्यांना मी अडगळ म्हणाले, तेव्हापासून तीन आठवडे तू बोलत नाहीस. चूक माझी. गच्चीत आता फुलतंय ते त्या अडगळीतच.

उद्यापासून विचारूनच तोडीन. म्हणजे रोज सकाळी तुला निदान हो-नाही तरी म्हणावं लागेल.

तुझी थोरली जाऊ