चादरीची पट्टी, गाठीसकट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम (आता बंद), लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. डॉक्टरांनी कालच तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हे लिहायला माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. कोणी आणले असते तर एकोणीस वर्षांपूर्वीच लिहून झाले असते. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घराच्या वरच्या दोन खोल्या, जिना व गच्ची माझ्या पश्चात माझ्या मुलीला, म्हणजे धाकटीला मिळावी. तिने मला सांभाळले आणि माझी कटकट ऐकून घेतली. जिन्याची चौथी पायरी हलते. हे आणि मी, नवराबायको दोघेही सुतार, तरी ती पायरी एकोणीस वर्षे तशीच आहे, कारण हे गेल्यापासून मी हत्याराला हात लावलेला नाही. धाकटीने ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

कलम २. हत्यारे. ड्रिल, रंधा मशीन आणि लाकूड कापायची करवत मशीन सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेला द्यावीत. करवतीचे गार्ड काढलेले दिसले तर ती परत मागून आणावी, लाजू नये. समोरच्या रंगाऱ्याला काहीही देऊ नये. त्याने आमचे घासायचे मशीन नेले, ते धुळीच्या पिशवीशिवाय परत आणले, आणि वर मलाच विचारतो, "वहिनी, पिशवी होती कुठे?"

ह्यांचा संरक्षक चष्मा धाकटीने ठेवावा. काच अजून कोरी करकरीत आहे, कारण तो जन्मभर ह्यांच्या कपाळावर होता. मी म्हणायचे, "कपाळाला दिसायला लागणार आहे का?" हे हसायचे आणि तसेच काम करायचे.

ग्राइंडर कोणालाही देऊ नये, विकू नये. वायर कापून हातोड्याने फोडावा आणि मगच भंगारात टाकावा. का, ते पुढच्या कलमात आहे. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, हे कलम कायद्यात बसत नाही." मी म्हटले, "मग उभं राहू दे."

कलम ३. ह्यांच्या बोटांना संधिवात धरला होता. आमच्या ग्राइंडरचे बटण दाबून धरावे लागायचे. हात सुटला की मशीन थांबायचे. ते तसे का केलेले असते हे मला चांगले ठाऊक होते. पण दिवसभर बटण दाबून संध्याकाळी ह्यांना घास उचलता यायचा नाही, आणि ते माझ्याने बघवत नव्हते. म्हणून मी जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि बटण दाबलेलेच राहील असे घट्ट बांधून दिले. मशीन मग भिंतीवरच्या बटणाने चालू-बंद होऊ लागले. "वा, जीव वाचवलास," हे म्हणाले. हेच शब्द म्हणाले होते.

आमच्याकडे एक शिस्त होती, ती ह्यांनीच घातलेली. वीज गेली की वर्कशॉपचा मेन स्विच पाडायचा. वीज आली की मेनजवळच्या माणसाने "चालू करतोय!" म्हणून ओरडायचे, आतून "कर" आले तरच स्विच वर करायचा. माझा थोरला मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, ह्यांच्याबरोबर काम करायचा. त्या दिवशी दुपारी ग्राइंडर चालू असताना वीज गेली आणि थोरल्याने मेन पाडला. ह्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले नाही, प्लगही काढला नाही. रिकामा वेळ कशाला घालवायचा, म्हणून मशीन मांडीवर घेऊन चकती बदलायला बसले. जुनी चकती निघण्याआधीच वीज आली आणि थोरल्याने मेन वर केला. मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता, पण तिथवरही हे पोचले नाहीत.

लोक धावत येण्याआधी मी ती पट्टी गाठीच्या बाजूने कापून काढली. चार माणसे ह्यांना उचलत होती तेव्हा पट्टी माझ्या मुठीत होती.

माझी नणंद तेव्हा आमच्याकडेच राहायला होती. ती सगळ्यांसमोर थोरल्याला म्हणाली, "न विचारता मेन लावलास! बापाला खाल्लंस!" तो म्हणाला, "मी ओरडलो होतो, आत्या. आई, तू ऐकलंस ना? सांग ना यांना."

मी म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही."

एक कबूल केले असते तर दुसरेही करावे लागले असते, आणि मूठ उघडावी लागली असती. मला वाटले होते की चार दिवसांनी सांगेन. तेराव्या दिवसाच्या आत तो घर सोडून गेला.

कलम ४. आरशाचे कपाट नणंदेला द्यावे. तीस वर्षे तिचा त्यावर डोळा आहे. अट अशी की तिने थोरल्याला फोन करून, "मी बोलले ते खोटं होतं," असे स्वतःच्या तोंडाने म्हणावे. वन्सं, तुम्ही जे पाहिलंत त्यावरून बोललात, ते मी बोलू दिलं. तुमच्यापेक्षा माझा गुन्हा मोठा आहे. तरी फोन केल्याशिवाय कपाट मिळणार नाही.

कलम ५. हे मृत्युपत्र वर्कशॉपमध्ये, मेन स्विचसमोर उभे राहून, मोठ्याने वाचावे. नणंद, रंगारी आणि त्या दिवशी जमलेले जे कोणी हयात असतील त्या सर्वांना बोलवावे. चहा द्यावा.

कलम ६. खालचे वर्कशॉप थोरल्याला मिळावे. त्याने ते चालवावे, विकावे किंवा पाडावे, माझी हरकत नाही. तो येईल असे मला वाटत नाही. धाकटी महिन्यातून एकदा त्याला फोन लावून माझ्या हातात देते. तो "हं, बोल" म्हणतो आणि मी विचारते, "जेवलास का?" एकोणीस वर्षांत माझी मजल त्यापुढे गेलेली नाही. आता जाईल अशी आशाही उरलेली नाही, म्हणून हा कागद.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोने धाकटीला सांगितले की तो घरात साधे मिक्सरचे बटण लावतानाही आधी "चालू करतोय" म्हणतो आणि थांबतो. एकटा असला तरी थांबतो. तिला आधी गंमत वाटायची. हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

कलम ७. माझ्या पेटीत तळाशी चादरीची पट्टी आहे, गाठीसकट. ती थोरल्याला द्यावी आणि सोबत हे वाचून दाखवावे:

बाळा, तू ओरडला होतास. ह्यांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही हे तुला माहीत होतं, म्हणून तू दोनदा ओरडलास. मी दारांच्या चौकटींमागे पॉलिश करत होते, हे काय करताहेत ते मला तिथून दिसत नव्हतं. ह्यांच्या वतीने मी नेहमीच उत्तर द्यायचे, तसंच दिलं. "कर" म्हणणारी मी होते. तू उत्तर ऐकूनच स्विच लावलास. तुझं काहीही चुकलं नाही. मला माफ कर असं मी म्हणत नाही, तेवढा हक्क मी ठेवलेला नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व समजून खाली सही केली.

स्थळ: राहते घर, वरची मागची खोली
दिनांक: नऊ मार्च, मंगळवार, दुपारी साडेतीन

(सही) लिहून देणार

साक्षीदार १: (सही) डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला.

साक्षीदार २: (सही) शेजारचा टेलर. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. आणखी एक लिहितो, वकीलबाईंनी नको म्हटले तरी. त्या दिवशी वीज नुकतीच आली होती आणि माझे शिलाई मशीन अजून बंद होते. थोरल्याची हाक मी दोन्ही वेळा ऐकली. वहिनींचे "कर" पण ऐकले. कोणी विचारले असते तर सांगितले असते. मला कोणी विचारले नाही.