होडीचा खुलासा

चिंचपोकळी,
३ ऑगस्ट २०२४

चि. दीपक यास,
आशीर्वाद.

तुझं कुरिअर मिळालं. इकडे सगळं ठीक. नम्रता शीवहून माहेरी येऊन-जाऊन असते, तिची मुलगी आता धावायला लागली आहे. पाऊस आहे. तुमच्या कोचीलाही असेलच.

आता तुझ्या पत्राविषयी. फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस. मग माझा नंबर ब्लॉक केलास. आणि आता चार पानं भरून माझ्याकडे ‘लेखी खुलासा’ मागतोस. तोही गाळ्याच्या मालकाच्या, म्हणजे ह्यांच्या हस्ताक्षरात हवा, असं दोनदा लिहिलं आहेस. ह्यांना सध्या वेळ नाही. मी लिहिते, त्यावर भागव.

तर खुलासा. तुझी शिडाची होडी ह्यांच्या गाळ्यात गर्डरला दोन साखळ्यांनी टांगलेली होती. जमिनीवर ठेवली असती तर ग्रिल आणि शटर बनवायला जागाच उरली नसती. हे तुला ठाऊक आहे, टांगली तेव्हा तू स्वतः शिडीवर उभा होतास. गाळ्यामागे आता टॉवर होतो आहे. तिथल्या जुन्या गोदामाचं पाडकाम जुलैत सुरू झालं. मशीनचे हादरे असे, की चाळीत आमच्या फळीवरचे डबे सरकायचे. त्या दुपारी एका साखळीचा हुक निसटला. होडीचं पुढचं टोक खाली आलं आणि ती तिरकी लोंबकळायला लागली. मग दुसरी साखळीही सुटली आणि होडी ड्रिल मशीनवर पडली. बुडाच्या फळ्या फुटल्या, डोलकाठी बसते तो ठोकळा उखडला, एक बाजू पार आत गेली. हे तिथेच काम करत होते. त्यांनी धरायचा प्रयत्न केला. नाही धरता आली.

झाला खुलासा.

पण तू तेवढ्यावर थांबलेला नाहीस. लिहितोस, “ताई, तुला ती होडी नकोच होती. तू वाट बघत होतीस.” नको होती, अगदी खरं आहे. ‘चार-सहा महिन्यांत नेतो’ म्हणून तू ती आमच्याकडे टांगून गेलास तेव्हा नम्रता शाळेत होती. आज तिची मुलगी धावते. मधल्या काळात मी तुला किती वेळा म्हटलं, एकदा येऊन ने. प्रत्येक वेळी तुला सुट्टी नव्हती. पण नको असलेली वस्तूसुद्धा आम्ही सांभाळली. दर पावसाळ्याच्या आधी ह्यांनी तिच्यावरची ताडपत्री बदलली. होडीखालून चालताना मान वाकवायची त्यांना इतकी सवय झाली, की नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं ह्यांच्या पाठीलाच बाक आहे.

आणि ‘आईची शेवटची खूण तू मोडलीस’ हे तर लिहूच नकोस. होडीवर आईचं नाव रंगवलंस, म्हणून ती आईची खूण झाली का? आई होती तोवर दसऱ्याला गाळ्यातल्या मशीनींची पूजा झाली की तुझ्या होडीलाही हार घालायला लावायची. उभं राहवत नव्हतं त्या वर्षी स्टुलावर बसून तिने वर हळद-कुंकू उडवलं. निम्मं तिच्याच केसांत पडलं. मी ते धुतलं. खूणच हवी असेल तर तिचा चष्मा आणि कमोडची खुर्ची माळ्यावर आहे. नेतोस?

आई गेल्यावर मी तो हार बंद केला. ह्यांनी चालू ठेवला. हेही खुलाशात घाल.

कळावे.
सुचित्रा

*

चिंचपोकळी,
१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दीपक,

आज राखी पोचली नसेल. मी पाठवलेली नाही, उगाच टपालवाल्यांना दोष देऊ नकोस.

शुक्रवारी तू मुंबईत येऊन गेलास. मला कळवलं नाहीस ते बरंच केलंस, तसंही श्रावणात हिंदमाताच्या आमच्या साडीच्या दुकानातून मला निघता येत नाही. तू ते हिशेबात धरूनच आला असशील. मी संध्याकाळी घरी आले तर हे खुशीत होते. दीपक आला होता म्हणाले. होड्यांच्या कुणा जाणकाराला घेऊन आला होता, त्या माणसाने फळ्या ठोकून बघितल्या, फोटो काढले, मान हलवली. ह्यांनी समोरून चहा मागवला, तो तू घेतला नाहीस.

मी विचारलं, “हाताचं काही विचारलं का त्याने?”

“इचारल्यान मा,” हे म्हणाले. कौतुकाने सांगत होते. तू विचारलंस, भावोजी, हाताला काय झालं? हे म्हणाले, ग्राइंडर लागला. तू म्हणालास, सांभाळून काम करत जा. आणि पुन्हा होडीत डोकं घातलंस.

कोपरापर्यंत बँडेज असलेला माणूस तुझ्यासमोर उभा होता. त्याने डाव्या हाताने शटर उचललं ते तू बघितलंस. मदतीला पुढे झाला तो तुझा जाणकार, असं हे सांगतात.

ग्राइंडर लागला नाही, दीपक.

ह्यांनी मला शपथ घातली होती म्हणून मागच्या पत्रात लिहिलं नाही. आता लिहिते. पहिला हुक निसटला तेव्हा होडी एकदम पडली नाही. बाजूला व्हायला पुष्कळ अवकाश होता. समोरच्या गाळ्यातल्या मॉरिसने बघितलं आणि तो ओरडत होता, “राजाराम, छोड, हट जा!” ह्यांनी सोडली नाही. खालून खांदा लावला, हात लावला आणि उभे राहिले. मॉरिसला म्हणाले, लाकडाचे ठोकळे आण, तोवर धरतो. मॉरिस ठोकळे आणायला वळला आणि दुसरी साखळी सुटली.

माझी त्या दिवशी सुट्टी होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालून लाकूड फुटल्याचा आवाज आला आणि मला लगेच कळलं, होडी पडली. आणि माझ्या मनात काय आलं ते ऐक, कारण तू मला तेच विचारतो आहेस. माझ्या मनात आलं, सुटले एकदाची. मी खाली गेले नाही. हातातली चादर झटकली, दोरीवर नीट पसरली, चिमटे लावले. मला बरं वाटत होतं. मग लक्षात आलं, खाली ग्राइंडर नुसताच फिरतो आहे, त्याच्यावर काही घासल्याचा आवाज नाही.

मी धावत गेले. मॉरिस माणसं आणायला रस्त्याकडे पळाला होता. होडी ड्रिल मशीनवर आडवी पडली होती आणि ह्यांचा उजवा हात तिच्या नि मशीनच्या मध्ये होता. उभे होते. ओरडत नव्हते. मला बघून म्हणाले, “आधी ग्राइंडर बंद कर.”

परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी जमेल तेवढं वाचवलं. अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. अंगठा राहिला आहे, पण वळत नाही. हे शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, का नाही सोडली? म्हणाले, “दीपकाची होडी ती.” जसं काही दीपकचं मूल होतं ते.

तुला फोन लावला तेव्हा हे बाजूच्या खाटेवर होते. मला खुणेने जवळ बोलावून म्हणाले, “तेका होडीचा तेवढा सांग. हाताचा सांगू नको. मगे तेका होडीसाठी धड रडूकय येवचा नाय.” तुला मोकळेपणी रडता यावं म्हणून माझ्या नवऱ्याने हात झाकून ठेवला. आणि तू रडला नाहीस, मला शिव्या दिल्यास, आणि चार दिवसांनी त्याच हाताने लिहिलेला खुलासा मागितलास.

तू म्हणशील, मला माहीत नव्हतं. नसेल. गाळ्यात भर माध्यान्ही होडी पडली, हे कळल्यावर तिच्याखाली कोणी होतं का, हा प्रश्न पडायला काही माहीत असावं लागत नाही. तुझी चारही पानं मी पुन्हा वाचली. फळ्यांचं लाकूड कुठलं होतं ते त्यात आहे. ह्यांचं नाव एकदाच आहे, ‘गाळ्याचे मालक’ या शब्दांपुढे कंसात.

होडी मी मोडली नाही. शपथ मोडली.

सुचित्रा

*

चिंचपोकळी,
२९ सप्टेंबर

दीपक,

ह्यांची प्रकृती बरी आहे. जखम भरली. रोज सकाळी फिजिओथेरपीला जातात, नम्रता सोबत जाते.

माझं मागचं पत्र मिळाल्याबरोबर तू विमानाने आलास, ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलंस, रडलास. नम्रताही रडली. ह्यांनी डाव्या हाताने तुझ्या पाठीवर थोपटलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तू मला विचारलंस, “मला आधीच का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “होडीचं सांगितलं तेव्हा तू ऐकून घेतलंस का?” जाताना माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी न रडून तुझं काहीतरी अडवून धरलं आहे.

मग तू कोचीहून ह्यांना फोन करून सांगितलंस, “मोडीत घाला ती होडी, मला तिचं तोंड बघायचं नाही.” ह्यांनी मला सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं तिला कोणी हात लावायचा नव्हता. तिच्यासाठी ह्यांची बोटं गेली. आणि आता तुला लाज वाटते, तर ती आम्हीच मोडीत घालायची. म्हणून मी ह्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, तुझी होडी तू येऊन घेऊन जायची. आमच्या घरातलं कोणी तिला उचलणार नाही.

गणपती झाल्यावर, गेल्या रविवारी तू आलास. टेम्पो आणलास, हमाल आणलेस. ती पुढच्या शटरमधून निघेना, तेव्हा तुझ्या लक्षात आलं की ती मागच्या आवारातून आत आली होती, आणि तिथे आता टॉवरची भिंत आहे. हमाल म्हणाले, कापावी लागेल. तू ‘कापा’ म्हणालास आणि गल्लीच्या तोंडाशी टेम्पोला टेकून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिलास. पुढचं तू बघितलं नाहीस, म्हणून हे पत्र. खरंतर तुला लिहायचं नव्हतं.

तुला वाटत असेल, हमालांनी कापली.

हमालाने करवत उचलली तेव्हा ह्यांनी ती मागून घेतली. म्हणाले, मी टांगली, मीच कापतो. डाव्या हातात धरली, उजव्याचा अंगठा वरून टेकवला. चार-पाच हात मारले आणि करवत फळीत अडकली. पुढेही जाईना, बाहेरही निघेना. आयुष्यभर लोखंड कापलेला माणूस एका फळीशी झटत होता आणि हमाल बघत होते. कोणी हसलं नाही, पण एकाने दुसरीकडे बघितलं, ते मला जास्त लागलं. मी पदर खोचला, ह्यांना बाजूला केलं आणि करवत हातात घेतली.

मी कापली. कोणी करवत धरायला शिकवलेलं नव्हतं. हे बाजूला उभे राहून सांगत होते, हात सरळ ठेव, जोर देऊ नको, तिच्या वजनाने जाऊ दे. मी आईच्या नावाजवळ आले तशी हे म्हणाले, “नावाच्या अलीकडसून घे.” माझ्या मनात होतं की नावावरूनच घ्यावी. तुझ्यावर राग होता, आणि आईवरही होता, ते तुला कळायचं नाही. तिच्या अंथरुणाशी मी बसायचे आणि ती वर्षातून एकदा फोन करणाऱ्या तुझ्या होडीला हार घालायला सांगायची. पण हे मागे उभे होते. मी अलीकडून घेतली. नाव आख्खं राहिलं आहे, टेम्पोत तू बघितलं असशील.

मला वाटलं होतं, कापताना बरं वाटेल. हात भरून आले, बाकी काही वाटलं नाही.

तू दर रविवारी ह्यांना फोन करतोस. कर. कोचीला चला, तिथे चांगले डॉक्टर आहेत, असं म्हणतोस. त्यांना यायचं असेल तर येतील, मी अडवणार नाही आणि सोबतही येणार नाही. मला ब्लॉकमधून काढलंस, हेही त्यांनी आनंदाने सांगितलं. मी तुला घातलं आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गाळा आता एका वेल्डरला वापरायला दिला आहे. तरी हे फिजिओथेरपीहून आले की तिथे जाऊन बसतात, त्याला चार गोष्टी सांगतात. परवा मी डबा घेऊन गेले होते. हे आतून माझ्याकडे यायला निघाले आणि होडी होती तिथे आल्यावर मान वाकवली. वर काही नाही, गर्डर कितीतरी उंच आहे, तरी पूर्ण वाकले आणि पलीकडे येऊन ताठ झाले. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या हातातला डबा घेतला, काय आणलंस विचारलं.

हे तुला सांगण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. यातून वेगळा अर्थ काढू नकोस.

मी लिहीत बसले आहे हे बघून ह्यांनी विचारलं, दीपकला का? म्हटलं, हो. म्हणाले, “प्रकृतीक जप म्हणून लिही.” त्यांचा निरोप आहे, म्हणून पोचवते.

सुचित्रा