झाळलेला कमानपाटा

झोपला होता म्हणे! भर दुपारी, हातात ट्रकचं चाक धरून माझा लेक झोपला होता, असं तुझ्या मालकाच्या वकिलानं साताऱ्याच्या कोर्टात सांगितलं. तेवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून पुढं म्हणाला, नाहीतर देवाची करणी असेल. अरे मुडद्या, एक काय ते ठरव की! सदा झोपला, का देवानं ढकलला? का देवानंच अंगाई म्हटली?

सदा, लेकरा, तुला आईचा आशीर्वाद. मेलेल्या माणसाला आशीर्वाद लिहितात का, ते मला ठाऊक नाही. मोठ्या माणसांच्या वर्गात बाईंनी मला नाव, गाव आणि खुशालीचं पत्र एवढंच शिकवलं. तर हे खुशालीचंच पत्र समज. मी खुशाल आहे, दात सोडून. बाई म्हणायच्या, "हौसाबाई, बोलता तसं लिहू नका, शुद्ध लिहा." म्हणून शुद्ध लिहिते. शिव्या तेवढ्या माझ्या पद्धतीनं येतील.

आजच का लिहिते? परवा कोर्टाची तारीख आहे. आपले वकील म्हणाले, "आजी, तारखेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही." माझ्या तोंडाला कुलूप! पोटात सुरुंग घेऊन बसल्यासारखं झालंय. मग म्हटलं, सदाला सांगावं. तो कुणाला जाऊन सांगणार आहे?

दुसरं कारण तुझी सुमी. काल शाळेतून आली ती पाटी आपटून. "आजे, आबा झोपल्यालं व्हतं का गं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"समदी पोरं म्हणत्यात. झोपाळूची पोर म्हणत्यात मला."

मी म्हटलं, "त्यास्नी सांग, माजी आजी साताऱ्याला जाणार हाय, तिथनं उत्तर आणणार हाय."

"आन् न्हाई आणलंस तर?"

तुझीच पोर! विश्वास म्हणून ठेवायची नाही.

गावाला वाटतं, म्हातारी भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. भरपाई तुझ्या बायकोची, पारूची, आणि सुमीची आहे, ती मी सोडणार नाही. पण मला त्याहून जास्त हवंय. ज्या तोंडानं तुला झोपाळू ठरवलं, त्याच तोंडातून खरं बाहेर काढायचंय. दात पडले असले तरी हिरड्यांनी धरीन, पण सोडणार नाही.

तुझे मालक रावसाहेब तेराव्याला आले होते. तुला कसं माहीत असणार! पांढऱ्या टोपीत, तोंड पाडून, पारूसाठी दुखवट्याचं लुगडं घेऊन. दुखवटा सोयऱ्यानं आणायचा असतो. हा कधीपासून आमचा सोयरा झाला? पारूचे भाऊ उठून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा रं. आणलंय तर ठिवा."

त्यांना वाटलं, म्हातारी वाकली. लगेच जवळ सरकून म्हणाले, "आत्याबाई, देवाच्या मनात होतं. आता कोर्टकचेरी कशाला? सदा आमच्या घरचाच होता."

"घरचा व्हता तर घरात का न्हाई निजवला? गाडीखाली का निजवला?"

उठले आणि गेले. लुगडं मात्र मी ठेवून घेतलं. पारू हात लावायला तयार नव्हती. मी म्हटलं, ठेव गं, कामाला येईल. कशाच्या कामाला ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

आता तुझ्याशी भांडायचं आहे. तू गेलास त्या वर्षी दसऱ्याच्या आधी तू ट्रक आपल्या गावात पिंपळाखाली उभा केला होतास, आठवतं का? मला हाताला धरून मागच्या चाकापाशी वाकवलंस. कंबर मोडली माझी! लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या. "आये, ह्यो कमानपाटा. सगळा भार ह्याच्यावर. आन् ही बघ गाठ." मोडलेलं हाड जुळल्यावर गाठ राहते, तशी गाठ होती. मुख्य पाटा तुटला होता आणि मालकानं नवा न घालता जुनाच झाळून, म्हणजे तापवून जोडून, आणला होता. तू त्या गाठीवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारलास. मी विचारलं, ही हळद कशाला? म्हणालास, "मालकाच्या डोळ्यात भरू दे. रोज दिसला म्हंजे एक दिवस तरी बदलंल."

काय म्हणाले होते रावसाहेब तुला? "सुगी निघू दे, मग बघू." आणि खंडेनवमीला त्याच गाडीची पूजा केली! नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली, झेंडूची माळ घातली. पाट्याला हळदकुंकू, आणि वर घेवड्याची पोती रचली, गाडीच्या फळ्यांच्याही वर!

मग तू गाडी सोडून घरी का आला नाहीस? मी म्हटलं होतं ना, किल्ली त्याच्या तोंडावर फेक आणि ये? तर म्हणे, "आये, मालकाचा माज्यावर इस्वास हाय." विश्वास! माणसावर विश्वास फुकट ठेवता येतो रे, पाटा विकत घ्यावा लागतो. एवढं शहाणपण तुला मी दिलं नाही का? रहिमतपूरच्या पुढं, सांगलीला जाताना, ओढ्याच्या वळणावर गाडी एका अंगाला बसली आणि उलटली. तुला पोत्यांखालून काढलं तेव्हा तुझे डोळे उघडे होते. मी स्वतः मिटले. आणि हा म्हणतो झोपला!

बरं, आता माझी कोर्टातली गंमत ऐक. मला पिंजऱ्यात उभं केलं. आपल्या वकिलांनी पढवलं होतं, विचारतील तेवढंच बोलायचं, लांबण लावायची नाही. मालकाचा वकील आला, साखरेत तोंड बुडवून आल्यासारखा. "आजी, मुलगा चांगला ड्रायव्हर होता ना?"

"व्हय."

"मग चांगल्या ड्रायव्हरच्या हातून गाडी उलटली, म्हणजे करणीच म्हणायची, नाही का? देवाची करणी?"

माझ्या कानात एकच शब्द शिरला. करणी! आपल्याकडं म्हैस आटली तरी आधी विचारतात, कुणी करणी केली? करणी आपोआप होते का कधी? कुणीतरी करतो, तेव्हा होते. मला वाटलं, आला गडी वळणावर, स्वतःच कबूल करतोय! मी ठणकावून म्हटलं, "करणीच! आन् कुणी केली ती बी सांगते..."

"बस, बस. एवढंच." आणि लिहिणाऱ्यानं खाली मान घालून तेवढंच लिहून टाकलं. मागच्या बाकावर रावसाहेब मिशीत हसले. ते हसू मी गाठ मारून ठेवलंय.

बाहेर आल्यावर आपल्या वकिलांनी कपाळ धरलं. "आजी, काय केलंत हे? देवाची करणी म्हणजे कायद्यात कुणाचाच दोष नाही. तुम्हीच मालकाला मोकळं केलंत!"

"मग तसं मराठीत इचारायचं की! करणी म्हटल्यावर करणारा आलाच न्हवं?"

त्यांनी कपाळावरचा हात काढला. मग हसले. म्हणाले, "आजी, हेच न्यायाधीशसाहेबांपुढं सांगायला तुम्हाला परत उभं करायला हवं. पण त्याला काहीतरी नवीन लागेल. नुसतं तोंड चालणार नाही."

देवाची करणी मला कळत नाही असं समजू नकोस. या थंडीत भूकंप झाला, आपली मागची भिंत बसली. ती देवाची. मी त्याला दोन शिव्या घातल्या, माती कालवली, भिंत उभी केली. मिटलं. देवाचं काम असं असतं. त्यात आधी झाळून आणायचं आणि सुगीनंतर बघायचं, असलं काही नसतं.

आणि मग देवानंच मला खुरपं घेऊन उमा लोहाराकडं पाठवलं, असं म्हण हवं तर. खुरप्याची धार गेली होती. बघते तर रावसाहेबांचा मुकादम बाहेर पडतोय आणि उमाच्या ऐरणीशेजारी लोखंडाचे दोन तुकडे पडलेत. एकाच्या टोकाला अर्धी गाठ. गाठीवर पिवळा पट्टा.

तूच मारलेला पट्टा, सदा. मी सरळ जाऊन त्या तुकड्यांवरच बसले.

"उमा, ह्ये काय करणार हाईस?"

"कोयतं करायचं हाईत रावसायबांच्या उसाला. गाडी मोडीत काढली न्हवं. गाडीच्या पाट्याचं पोलाद लय चांगलं आत्या, वाया कशाला घालवायचं?"

बघितलंस? ज्या पाट्यानं तुला नेलं, त्यानं ऊस तोडणार होते! तो पाटा ओढ्यात फेकला असता तर मला जन्मात सापडला नसता. पण एवढं पोलाद फुकट जाऊ द्यायचं कसं? हावरटपणानं गाडी पाडली आणि हावरटपणानंच पुरावा माझ्या बुडाखाली आणून ठेवला.

उमा भाता सोडून गयावया करायला लागला. "आवं आत्या, उठा की. मालकाचं हाय त्ये."

"मालकाचंच हाय म्हणून तर न्हेती."

"मला इचारतील तवा काय सांगू?"

"सांग, हौसा बसली आन् उठंना."

"माज्या पोटावर पाय द्येतासा व्हय?"

"तुज्या पोटाला मी जुंधळं घालीन. पन साताऱ्याला येऊन सांगायचं, ह्ये तुकडं कुणाच्या मुकादमानं आणलं त्ये. न्हाई आलास तर तुजा भाता ह्याच खुरप्यानं फाडीन. धार बी तूच लावून देणार हाईस."

येतो म्हणालाय. घाबरट आहे, रडतरडत येतो म्हणालाय. मला हसत आलेला साक्षीदार नकोच आहे.

आपल्या वकिलांनी तुकडे हातात घेतले, जुळवून बघितले. बरोबर गाठीवरच तुटलाय. पिवळा पट्टा अर्धा इकडं, अर्धा तिकडं. म्हणाले, "आजी, हा रंग कुणी दिला?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "म्हणजे सदाशिव जागा होता. मालकापेक्षा जास्त जागा होता." हे वाक्य मी सुमीसाठी पाठ करून ठेवलंय. पण निकाल लागल्याशिवाय तिला देणार नाही. कच्चं फळ पोराला देऊ नये.

तर परवाचं ठरलंय असं. रावसाहेबांनी आणलेलं दुखवट्याचं लुगडं मी पेटीतून काढलंय. पाट्याचे तुकडे त्याच लुगड्यात बांधलेत. साहेबांपुढं टेबलावर गाठोडं ठेवीन आणि सोडीन. रावसाहेबांना आपलं लुगडं ओळखू येईल, आपला पाटाही ओळखू येईल. त्यांनी विचारलंच हे काय, तर सांगीन, दुखवटा परत करायला आले.

तुला वचन देते. सुमी शाळेत तुझं नाव सांगताना मान खाली घालणार नाही. त्याआधी मी मरणार नाही, कितीही तारखा पडू देत. यमाला सांग, हौसाबाई कोर्टात आहे, नंतर ये.

आणि तू आता गप पड. तुझी साक्ष तू पिवळ्या रंगानं कधीच दिली आहेस. देवालाही कुणी मध्ये ओढायचं नाही, त्यानं पाटा झाळला नव्हता. वकिलानंही तोंड घालायचं नाही. रावसाहेबांनी उभं राहायचं, त्या गाठीवर बोट ठेवायचं आणि करणी कुणाची, ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

तुझी आई,
हौसा